दिडकीचा पाढा आणि महाडची पेठ

लहान मुलाला एक, दोन, तीन असे मोजता येऊ लागले म्हणजे घरच्या मंडळींना मोठा आनंद होतो. परंतु गणिताच्या खऱ्या शिक्षणाचा आरंभ त्याच्या पुढच्या पायरीवर होत असतो. दोन, चार, सहा, आठ. किंवा पाच, दहा, पंधरा, वीस. अशा उड्या घेत मूल मोजू लागले, की अनेक वस्तूंचा एक गट करून त्या गटालाच एक मानावयाचे, ही कल्पना त्याच्या मनात प्रथम उगवते. गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, व्याज आणि हिस्सा हे सारे याच कल्पनेचे पुढचे विस्तार होत. या टप्प्यांच्या मोजणीला हल्लीच्या शिक्षणशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले असले, तरी महाराष्ट्रात ती नवी नाही. तिचा इतिहास पंतोजींच्या शाळांत, बाजारपेठांच्या ओट्यांवर आणि शेतकऱ्यांच्या खळ्यांत विखुरलेला आहे. तो पाहावयाचा तर महाड आणि पोलादपूर या सावित्रीकाठच्या मुलखाइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील हा अंतर्भाग एका बाजूने सह्याद्रीला आणि दुसऱ्या बाजूने खाडीला जोडलेला आहे. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या महाडपर्यंत जुन्या काळी भरतीच्या पाण्यावर गलबते येत. देशावरून वरंध घाटाने आणि पार घाटाने बैलांचे तांडे उतरत. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेले पोलादपूर हे त्या वाटेवरचे विसाव्याचे ठाणे. मीठ, मासळी व नारळ वर चढावयाचे आणि देशावरचा माल खाली उतरावयाचा, असा हा व्यवहार होता. महाडचे राजकीय महत्त्वही लहान नव्हते. १७९६ साली नाना फडणविसांनी निजामाशी केलेला करार महाडच्याच नावाने ओळखला जातो, आणि १८०२ साली यशवंतराव होळकरांकडून पुण्याजवळ पराभव झाल्यावर दुसऱ्या बाजीरावाने याच बाजूचा आश्रय घेतला. परंतु राज्ये आली आणि गेली, तरी पेठेतील माप आणि ताजवा यांचे राज्य अबाधित राहिले. आणि त्या राज्यात ज्याला टप्प्यांनी मोजता येत नसे, तो पावलोपावली नागवला जात असे.

याचे कारण त्या काळच्या मापांतच होते. चार शेरांची पायली. कोठे बारा, तर कोठे सोळा पायल्यांचा मण. आणि वीस मणांची खंडी. तीन पैंचा पैसा, चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. आठ गुंजांचा मासा आणि बारा मासे म्हणजे तोळा. दशमान पद्धतीत सवय झालेल्या डोळ्यांना हा सारा गोंधळ वाटेल. परंतु त्यात वाढलेल्या मुलाच्या दृष्टीने प्रत्येक माप म्हणजे मोजणीची एक स्वतंत्र उडी होती. चार, आठ, बारा, सोळा एवढे म्हणता येऊ लागले, की पावली, अधेली, बारा आणे आणि रुपया हे चारी मुक्काम त्याच्या मुठीत येत. मराठी भाषेनेही अशा गटांना खास नावे देऊन ठेवली आहेत. दोहोंची जोडी, चारांचा गंडा, पाचांचा पाचुंदा आणि विसांची कोडी हे शब्द कोणा शिक्षणतज्ज्ञाने घडविलेले नाहीत. कवड्या, कडब्याच्या पेंढ्या व कापडाचे ताके मोजणाऱ्यांनी ते आपल्या सोयीसाठी रूढ केले. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची आणि मग दोन, तीन असे पुढे जाण्याची रीतही त्याच परंपरेतील होय. मापारी मोठ्याने मोजी तेव्हा खळ्याभोवती उभ्या असलेल्या मुलांच्या कानांवर गणिताचा पहिला धडा आपोआप पडत असे.

शाळेतील धडा याहून कडक होता. गावच्या देवळात, एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा सावकाराच्या ओसरीवर पंतोजींची शाळा भरे. धूळपाटीवर बोटाने अक्षरे आणि अंक गिरवावयाचे, मग मोडी कित्ता, आणि जोडीला उजळणी. दिवेलागणीला परवचा म्हणावयाचा. दोनापासून तिसापर्यंतचे पाढे हा त्याचा पाया. त्यावर अकरकी, म्हणजे अकरापासून विसापर्यंतच्या अंकांचे परस्परांशी गुणाकार. आणि त्यापुढे जो भाग आता जवळजवळ विस्मृतीत गेला आहे, तो म्हणजे अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. सात औट साडेचोवीस, सात सवा पावणेनऊ, सात पाऊण सव्वापाच, अशी उत्तरे दहा-बारा वर्षांची मुले कागद-लेखणीवाचून देत. बाराशे वर्षांपूर्वीच्या संस्कृत गणितग्रंथांत आणि ११५० च्या 'लीलावती'त जे त्रैराशिक व व्याजगणित आहे, त्याचाच हा व्यवहारी अवतार म्हणावयास हरकत नाही. धुळीची पाटी हीसुद्धा त्याच परंपरेतील. अंकगणिताला 'पाटीगणित' हे नाव मिळाले ते या पाटीवरून.

अशी घोकंपट्टी केवळ महाराष्ट्रातच होती असे नाही. मेसोपोटेमियातील निप्पुर येथे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत, आणि त्यांवर गुणाकाराची कोष्टके कोरलेली आहेत. उलटपक्षी हिंदुस्थानातील धुळाक्षरांची कीर्तीही दूरवर गेली. १७८९ पासून मद्रास येथील अनाथालयाची व्यवस्था पाहणाऱ्या अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने तेथील देशी शाळेत मुले वाळूवर लिहिताना पाहिली. त्याने वाळूवरील लेखन आपल्या शाळेत आणले, आणि थोरल्या मुलाने धाकट्याला शिकवावे या योजनेची जोड त्याला देऊन १७९७ साली त्याविषयी पुस्तक लिहिले. ती पद्धत पुढे इंग्लंडात आणि इतर देशांत पसरली. पंतोजींच्या शाळेत एका थोरल्या मुलाने पाढ्याची ओळ उच्चारावयाची आणि बाकीच्यांनी ती एका सुरात परत म्हणावयाची, हा प्रकार जुनाच होता.

या शाळांची गणना इंग्रजी अमदानीच्या आरंभी झाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२४ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांकडून माहिती मागविण्यात आली, आणि त्या कागदपत्रांचा संग्रह रा. वि. परुळेकर यांनी १९४५ साली प्रसिद्ध केला. त्यावरून इलाख्यात सुमारे सतराशे देशी शाळा आणि पस्तीस हजारांच्या आसपास मुले होती असे दिसते. याच सुमारास कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने हटनच्या ग्रंथांच्या आधारे मराठीत गणिताची पुस्तके तयार केली. यापुढे दोन पद्धतींचा सामना सुरू झाला. एकीकडे तोंडपाठ पाढ्यांवर उभी असलेली पंतोजींची शाळा, आणि दुसरीकडे छापील पुस्तकातून रीत समजावून देणारी सरकारी शाळा. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर, १८५५ साली स्वतंत्र शिक्षणखाते निघाले आणि दुसऱ्या पद्धतीचे पारडे जड झाले. तथापि पाढे गेले नाहीत. सरकारी शाळेनेही ते आपल्या पदरी घेतले, कारण पेठेतील व्यवहार त्यांवाचून चालत नव्हता.

मुलाला पाढे येत असणे ही गोष्ट महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात केवळ शालेय यशाची नव्हती. हा प्रदेश भाताचा, आणि वरकस जमिनीवर नाचणी व वरी यांचा. पावसाळ्याच्या तोंडाशी घरातील दाणे संपत, आणि सावकाराकडून किंवा खोताकडून बी-बियाणे व पोटाला धान्य उसने आणावे लागे. ते सुगीला परत करावयाचे, पण जसेच्या तसे नव्हे. सवाईने म्हणजे सव्वापट, किंवा दिढीने म्हणजे दीडपट. खोती गावांत पिकाचा वाटाही असाच ठरे. अर्ध्याचे अर्धेल आणि तिसऱ्या हिश्श्याचे तिर्धेल. शेतकऱ्याच्या आयुष्यातील फार मोठे प्रश्न अशा रीतीने पावकी, निमकी आणि दिडकी यांच्याच भाषेत विचारले जात होते, आणि उत्तर मात्र दुसऱ्याच्या वहीत लिहिलेले असे.

एक साधे उदाहरण घ्यावे. एखाद्या कुटुंबाने दिढीच्या बोलीने आठ मण भात उसने आणले. पहिल्या सुगीला बारा मण द्यावयाचे झाले. म्हणजे चार मणांची वाढ. पीक बुडाले म्हणून काहीच देता आले नाही, आणि हीच बोली पुढे चालू राहिली. आता ज्याला केवळ सारख्या उड्यांनी मोजता येते, तो आठ, बारा, सोळा, वीस असे म्हणेल आणि तिसऱ्या सुगीला आपले देणे वीस मण झाले असे समजेल. परंतु सावकाराच्या वहीत दिडकी चालते: आठ दीड बारा, बारा दीड अठरा, अठरा दीड सत्तावीस. वीस आणि सत्तावीस यांतील सात मणांचा फरक म्हणजे एका घराच्या कित्येक महिन्यांच्या भाकरीचा फरक. पहिली मोजणी बेरजेची आहे, दुसरी पटीची. पहिलीत उडीची लांबी तीच राहते. दुसरीत प्रत्येक उडी आधीच्याहून लांब पडते. हा भेद ज्याला लहानपणी कळला नाही, त्याला तो पुढे शेत गहाण पडल्यावर कळावयाचा.

रोख कर्जाचा हिशेब त्यामानाने सरळ होता, पण तोही पाढ्यांवाचून उलगडत नसे. साठ रुपये दरमहा दर शेकडा सव्वा रुपया व्याजाने घेतले, तर महिन्याचे व्याज बारा आणे आणि आठ महिन्यांचे सहा रुपये. सवायकी आणि पाऊणकी ज्याच्या जिभेवर आहे तो हे उभ्या उभ्या सांगेल. ज्याच्या नाही, त्याने समोरचा म्हणेल तो आकडा मान्य करावयाचा आणि वहीवर अंगठा उमटवावयाचा.

म्हणूनच शाळेच्या ओसरीवर कोणाला बसू द्यावयाचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न या मुलखात इतका तीव्र झाला. पंतोजींच्या शाळेत प्रामुख्याने ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार अशा लिहित्या-मोजत्या घरांतील मुलगे असत. मुलींना तेथे सहसा स्थान नव्हते, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना दारच बंद होते. त्यांच्यासाठी अक्षर आणि अंक यांची पहिली वाट पलटणीतून निघाली. लष्करातील शिपायांना व त्यांच्या मुलांना तेथे शिक्षण मिळे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच लष्करात होते. १८८६ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली, आणि १८९५ साली त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. ज्या वर्गाला वर्गाबाहेर ठेवले होते, त्यातील एक गृहस्थ तालुक्याच्या कारभारात जाऊन बसणे ही त्या काळी लहान घटना नव्हती.

पुढच्या पिढीतील रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ साली महाडनजीकच्या लाडवली येथे झाला. हुशार विद्यार्थी असूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना जातीमुळे प्रवेश नाकारला. तेव्हा त्या कोवळ्या वयात त्यांनी वृत्तपत्राकडे पत्र धाडले, आणि त्या प्रकरणाचा गवगवा झाल्यावर त्यांना प्रवेश मिळाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. त्यात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही सर्वांना खुल्या असाव्यात असे म्हटले होते. त्याच ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले; ते प्रत्यक्षात उतरविण्यासाठी १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर सत्याग्रह झाला. परिषद महाडला भरविण्याच्या खटपटीत मोरे अग्रभागी होते. महाडचा इतिहास सांगताना पाण्याचा उल्लेख नेहमी होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु तळे आणि शाळा ही त्या ठरावात एकत्र आली होती, हे विसरून चालत नाही. १९३७ साली आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धत नाहीशी झाली. अर्धेल आणि तिर्धेल हे शब्द त्यानंतर व्यवहारातून उतरू लागले.

पाढ्यांच्या जगात सर्वांत मोठी उलथापालथ मात्र १ एप्रिल १९५७ रोजी झाली. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढील वर्षी मेट्रिक वजने येऊ लागली. सोळा आणे आणि चार शेर यांच्यासाठी रचलेल्या पावकी-औटकीचे प्रयोजन एकाएकी कमी झाले. शाळांनी त्या हळूहळू सोडून दिल्या. त्याबरोबर, पाढे म्हणजे निर्जीव घोकंपट्टी, असा एक समजही पसरला. त्यात तथ्यांश होता. 'बे एके बे' पासून सुरुवात केल्यावाचून ज्याला 'बे साते' किती ते सांगता येत नाही, त्या मुलाला पाढा येतो असे म्हणता येत नाही. त्याला केवळ एक गाणे येते. जुन्या काळचे चांगले पंतोजीही हे जाणत. म्हणूनच ते पाढा उलटा म्हणवून घेत, आणि अवचित मधलाच अंक विचारीत.

परंतु पाढ्याच्या रचनेतील एक गुण मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. दोन, चार, सहा असे नुसते म्हणताना मूल कोठे पोहोचले एवढेच कळते. किती उड्या झाल्या ते कळत नाही. 'बे त्रिक सहा' या तीन शब्दांत उडीची लांबी, उड्यांची संख्या आणि मुक्काम अशा तिन्ही गोष्टी येतात. टप्प्यांची मोजणी ही पाढ्याची पूर्वतयारी आहे, आणि पाढा हा त्या मोजणीचा पक्का हिशेब. एकीला दुसऱ्याच्या जागी बसविता येत नाही.

नव्या बालशिक्षणाने या पूर्वतयारीकडे अधिक लक्ष दिले, हा त्याचा मोठा उपकार. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या साधनांत रंगीत मण्यांच्या माळा आहेत. पाचांच्या माळेवर मूल बोट फिरवीत जाते, आणि पाच, दहा, पंधरा असे अंक लिहिलेले बाण त्या त्या ठिकाणी ठेवते. त्यामुळे उडी डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. १९३९ साली मॉन्टेसरीबाई हिंदुस्थानात आल्या, त्यापूर्वीच १९२६ साली ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली होती. १९४५ साली ताराबाईंनी त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे खेड्यातील व आदिवासींच्या मुलांसाठी काम केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले आणि पाने यांनीच ते काम भागविता येते हे दाखवून दिले. चिंचोक्यांचे पाच-पाचांचे ढीग करून मोजणारे मूल पाचुंद्याची जुनी कल्पनाच नव्याने शोधीत असते.

मराठी मुलाला या वयात एक जादा अडचण असते. एकवीस या शब्दात एक आधी येतो, आणि २१ लिहिताना दोन आधी. एकोणतीस म्हणताना तोंडात तीस असतात आणि पाटीवर २९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असेही वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. डॉ. मंगला नारळीकर या त्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. वादाचा निकाल काहीही मानला, तरी अडचण खरी होती. दहा, वीस, तीस ही दशकांची उडी मुलाच्या अंगवळणी आधी पडली, तर ही अडचण बरीच हलकी होते. कारण मग प्रत्येक संख्या कोणत्या मुक्कामाच्या पुढे वा मागे आहे ते त्याला समजू लागते. त्यानंतर पाच, मग दोन, मग तीन आणि चार, अशा क्रमाने गेल्यास प्रत्येक टप्प्याचे वैशिष्ट्य मुलाला आपण होऊन सापडते. पाचांच्या टप्प्यात शेवटी पाच आणि शून्य आलटून पालटून येतात. नवांच्या टप्प्यात नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस असे जाताना एकम एकाने घटतो आणि दशक एकाने वाढतो. हे घरच्या घरीही करता येण्यासारखे आहे. जिन्याच्या पायऱ्या एकाआड एक चढताना, चपलांचे जोड लावताना, ताटात पुऱ्या वाढताना.

आज महाडच्या पेठेत पायलीची जागा किलोने घेतली आहे आणि सावित्रीतून मालाची गलबते येत नाहीत. शाळेचे दार कायद्याने सर्वांना खुले आहे. तरीही दिढीचा प्रश्न संपलेला नाही. त्याचे रूप तेवढे बदलले आहे. हप्त्यांनी घेतलेली वस्तू, सोने तारण ठेवून काढलेले कर्ज, थकलेल्या व्याजावर चढणारे व्याज या सर्वांत आठ, बारा, सोळा, वीस असे मोजणारा आणि आठ, बारा, अठरा, सत्तावीस असे मोजणारा यांच्यांत आजही तेच अंतर आहे. पहिलीतील मुलाने घेतलेली पाचांची उडी लहान दिसते. परंतु उडी सारखी आहे की वाढत चालली आहे, हे ओळखण्याची सवय त्याच वेळी लागावयाची असते. ती ज्या घरांतील मुलांना लागली, त्या घरांचा हिशेब त्यांच्या स्वतःच्या हाती राहिला. ज्यांना ती लागू दिली नाही, त्यांची पिढ्यान् पिढ्यांची बाकी दुसऱ्याच्या वहीत वाढत गेली, हीच या मुलखाच्या इतिहासाची साक्ष आहे.